कोरल सुधारतं आणि पुन्हा मिटतं: वारंवार येणाऱ्या ताणाचा माग कसा काढायचा

लक्षण साधारण असं असतं. घरच्या खाऱ्या पाण्याच्या टँकमधलं टॉर्च किंवा हॅमर (दोन्ही मांसल कोरलचे प्रकार) चार दिवस छान फुललेलं असतं आणि एका सकाळी मिटून बसतं. आपण घाबरून काहीतरी करतो: पाणी बदलतो, दिवे मंद करतो, एखादी बाटली ओततो. दोन-तीन दिवसांत ते उघडतं, आपल्याला हायसं वाटतं, आणि आठवड्याभरात पहिले पाढे पंचावन्न. दर फेरीला कोरल थोडं आणखी आक्रसतं आणि मांस सांगाड्यावरून थोडं आणखी मागे सरकतं.

असा ताण एकदाच आला तर अपघात म्हणून सोडून देता येतो. पुन्हा पुन्हा येत असेल, तर त्याचं मूळ बहुतेक वेळा आपल्याच वेळापत्रकात असतं. ठरावीक वारी बदललेलं पाणी, आठवण झाली की हाताने केलेलं टॉप-अप (उडून गेलेल्या पाण्याची गोड्या पाण्याने भरपाई), रोज त्याच तासाला पूर्ण ताकदीने लागणारे दिवे. त्यामुळे "माझे आकडे बरोबर आहेत का" हा प्रश्न जरा बाजूला ठेवा आणि "कोणता आकडा हलतोय आणि कधी" हे शोधा. कोरल्स साडेसात डीकेएचवर (हे अल्कलिनिटीचं, म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेटच्या साठ्याचं, माप आहे) सुखाने जगतात, साडेनऊवरही जगतात. दर आठवड्याला या दोन टोकांमध्ये हेलपाटे घालायला लावले, तर मात्र जगत नाहीत.

पांढरं पडलंय की मेलंय?

उपाय करण्याआधी हे ठरवा, कारण दोन्हींसाठी पुढची वाट वेगळी आहे. दिवे गेल्यावर अंधारात छोटी बॅटरी तिरपी धरून कोरल बघा. नुसतं पांढरं पडलं असेल, तर सांगाड्यावर काचेसारखा पारदर्शक पापुद्रा चमकताना दिसतो, तोंडाच्या कडा फुगीर असतात आणि बारीक टेंटॅकल्स (सोंडेसारखे तंतू) बाहेर आलेली असतात. मेलेल्या भागात सांगाड्याच्या कडा धारदार आणि खडूसारख्या कोरड्या दिसतात, आणि काही दिवसांतच त्यावर हिरवट-तपकिरी शेवाळ धरतं. जिवंत मांसावर शेवाळ सहसा बसत नाही, त्यामुळे शंका असेल तर दोन-चार दिवस थांबलं की उत्तर आपोआप मिळतं.

कोरलच्या पेशींमध्ये झूझँथेली नावाची सूक्ष्म शैवालं राहतात आणि त्यांनी प्रकाशातून बनवलेल्या अन्नावर कोरलचा बराचसा उदरनिर्वाह चालतो. उष्णता किंवा प्रकाश झेपेनासा झाला की या शैवालांमधून घातक ऑक्सिजन संयुगं तयार होऊ लागतात, आणि कोरल त्यांना बाहेर काढतं. म्हणजे पांढरं कोरल जिवंत असतं, पण उपाशी असतं. त्याला आठवडे, कधी महिने लागतात, पण ते परत येऊ शकतं.

मांस बुंध्याकडून किंवा टोकाकडून सोलपटासारखं निघत असेल, तर तो वेगळा प्रकार आहे. दिवसेंदिवस हळूहळू निघालं तर एसटीएन (मांस सावकाश मरणं), काही तासांत अख्खी फांदी उघडी पडली तर आरटीएन (मांस झपाट्याने मरणं). तिथे वाट बघण्यात अर्थ नाही. मांस जिथे निरोगी दिसतंय तिथून थोडं आतूनच फांदी तोडा आणि तो तुकडा नवा फ्रॅग म्हणून वेगळा लावा.

पहिल्या दिवशी काय करायचं

फार थोडं. तापमान दुसऱ्या थर्मामीटरने पडताळा, क्षारता (पाण्यातलं मिठाचं प्रमाण) मोजा, अल्कलिनिटी मोजा, अमोनिया मोजा. ताजा, नीट धुतलेला ॲक्टिव्हेटेड कार्बन चालू करा. कोणी काही सोडलं असेल (लेदर कोरल्स रसायनं सोडतात, कधी टँकवर सफाईचा स्प्रे उडतो, कधी हाताला क्रीम असतं), तर ते ओढून घ्यायला एवढं पुरतं. मग हात बाहेर काढा.

एकाच दिवशी पाणी बदललं, दिवे उतरवले, वेव्हमेकर (टँकमध्ये प्रवाह तयार करणारा पंप) फिरवला आणि बाटलीतलं टॉनिकही घातलं, तर उद्या कोरल उघडलं तरी कशामुळे उघडलं हे कधीच कळणार नाही. "कोरल रिकव्हरी" छाप बाटल्यांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. कारण सापडण्याआधी त्या वापरणं म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

कधी मिटतं?

एक वही ठेवा. मोबाइलमध्ये लिहिलं तरी चालेल, पण वेळ लिहायला विसरू नका. कोरल कधी मिटलं, त्याआधीच्या दिवसभरात टँकला कुणी काय केलं, आणि दिवे लागून किती तास झाले होते, एवढं पुरे. दोन-तीन फेऱ्यांत आकृती उमटायला लागते.

पाणी बदललं त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी मिटत असेल, तर नव्या पाण्याची क्षारता, अल्कलिनिटी किंवा तापमान जुळत नाही. दिवे लागल्यावर काही तासांनी मिटत असेल आणि संध्याकाळी पुन्हा उघडत असेल, तर संशय प्रकाशावर आणि दुपारच्या उष्णतेवर. पहाटे वाईट आणि दुपारपर्यंत ठीक, असं असेल तर रात्री पीएच आणि ऑक्सिजन फार खाली जातोय का ते पाहा. बंद खोलीत जास्त माणसं झोपली की हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि टँकचा पीएच खाली येतो. त्यासाठी खिडकी थोडी उघडून दोन रात्री मोजून बघा, इतर काही विकत घेण्याआधी. आपण दोन-तीन दिवस घरी नसलो की मिटत असेल, तर टॉप-अप. आणि बाकी सगळं टँक मजेत असून एकच कोरल रुसलेलं असेल, तर पाण्याचे आकडे सोडा. शेजारी, मासे आणि किडे तपासा.

क्षारता: मोजमापावर फार विश्वास नको

उथळ टँकमधून रोज दोन टक्के पाणी सहज उडून जातं. पाणी उडतं, मीठ मागेच राहतं. तीन दिवस टॉप-अप झालं नाही तर 35 पीपीटीचं (हजार भागांत 35 भाग मीठ) पाणी साधारण 37 वर जातं. मग आपण येऊन सगळं पाणी एकदम ओततो आणि ते परत 35 वर आदळतं. कोरलसाठी हे दोन धक्के आहेत, एक सावकाश आणि एक झटक्यात, आणि दुसरा जास्त वाईट. ऑटो टॉप-अप हे रीफ टँकवर केलेल्या खर्चातलं सर्वात उपयोगी साधन आहे असं मी म्हणेन, स्किमरपेक्षाही (फेसातून घाण बाहेर काढणारं यंत्र) आधी. फक्त त्याचा साठा इतकाच ठेवा, की सेन्सर अडकून सगळं पाणी टँकमध्ये गेलं तरी क्षारता पीपीटीभरापेक्षा जास्त पडणार नाही.

आता उपकरण. बरेच जण रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाश किती वळतो त्यावरून क्षारता दाखवणारं उपकरण) आरओच्या पाण्याने शून्यावर लावतात आणि निश्चिंत होतात. शून्यावर बरोबर असलेलं उपकरण 35 वर चुकू शकतं, आणि आपल्याला तर 35 च मोजायचं आहे. म्हणून 35 पीपीटीच्या प्रमाणित द्रावणानेच लावा. ते घरीही बनतं: आयोडीन आणि इतर भेसळ नसलेलं शुद्ध मीठ 36.5 ग्रॅम आणि आरओ पाणी 963.5 ग्रॅम. वजन काट्यावर करायचं, मापाच्या पेल्याने नाही. हे द्रावण रिफ्रॅक्टोमीटरमध्ये 35 दाखवतं. विद्युतवाहकतेवर चालणाऱ्या डिजिटल मीटरला मात्र हे चालत नाही, त्याला त्याचं वेगळं द्रावण लागतं. थेंब काचेवर टाकून अर्धा मिनिट थांबा, बुडबुडा राहिला तर पुसून पुन्हा घ्या.

क्षारता चुकलेली सापडली तर ती त्याच दिवशी सुधारायची घाई करू नका. दिवसाला 1 पीपीटीपेक्षा कमी वेगाने आणा.

अल्कलिनिटी: खरा चोर बहुतेक वेळा इथेच सापडतो

नैसर्गिक समुद्राच्या पाण्याची अल्कलिनिटी साधारण 7 डीकेएच असते. अनेक सॉल्टमिक्स (टँकसाठीचं तयार मीठ) मात्र 11 ते 12 च्या आसपास मिसळतात, म्हणजे वाढत्या कोरल्ससाठी जास्तीची भर आधीच घातलेली. तुमचा टँक 8 वर असेल आणि नवं पाणी 11.5 चं असेल, तर 20 टक्के पाणी बदलल्यावर टँक 8.7 होतो. 30 टक्के बदललं तर 9 च्या पुढे जातो, म्हणजे एका तासात 1 डीकेएचची उडी. पुढच्या आठवड्यात कोरल्स ते खाऊन पुन्हा 8 वर आणतात, आणि आपण पुन्हा बादली घेऊन उभे. एसपीएसची (बारीक पॉलिपची, फांद्यांसारखी वाढणारी कोरल्स) टोकं जळतात, हॅमर मिटतं, आणि दोष जातो "टँक अजून स्थिरावलं नाही" या ठरलेल्या वाक्याला.

म्हणून मिसळलेल्या मिठाच्या पाण्याची अल्कलिनिटी टँकमध्ये घालण्याआधी मोजा. बादलीतलं पाणी कुणी मोजत नाही, हीच गंमत आहे. फरक 1 डीकेएचपेक्षा जास्त असेल, तर एका वेळी 10 टक्केच बदला, किंवा कमी अल्कलिनिटीचं मीठ घ्या. पिशवीच्या तळाशी राहिलेलं मीठ वेगळं मिसळू शकतं, म्हणून पिशवी उघडल्यावर नीट हलवून घ्या.

दुसरा सापळा जास्त फसवा आहे. कोरल ताणात गेलं की सांगाडा बांधणं कमी करतं, म्हणजे अल्कलिनिटी आणि कॅल्शियम खाणंही कमी करतं. ठरलेल्या मात्रेत अल्कलिनिटी-कॅल्शियम सोडणाऱ्या डोसिंग पंपाला हे माहीत नसतं. तो काल जेवढं देत होता तेवढंच आज देतो. पाण्यातली अल्कलिनिटी चढत जाते, चढलेल्या अल्कलिनिटीमुळे कोरल आणखी मिटतं, आणखी कमी खातं. मूळ कारण केव्हाच संपलेलं असलं तरी हे चक्र चालू राहतं. टँक मिटलेला दिसला की त्या आठवड्यात रोज, त्याच वेळी अल्कलिनिटी मोजा आणि डोस त्या खपाप्रमाणे खाली आणा. वेळ तीच हवी, कारण दिवसा आणि रात्री खप वेगळा असतो.

मोजताना बारीकसारीक गोष्टी भोवतात. हॅना चेकर (रंगावरून आकडा दाखवणारं छोटं डिजिटल उपकरण) वापरत असाल तर काचेच्या कुपीवर बोटाचा ठसा राहिला की आकडा हलतो, आत चिकटलेला बुडबुडाही तेच करतो. कुपी मऊ कापडाने पुसा, एकदा हळूच उलटीसुलटी करा, मग आत ठेवा. एकाच नमुन्याचे दोन आकडे जुळले, तरच त्यावर निर्णय घ्या.

अल्कलिनिटी खाली गेली असेल आणि वाढवायची असेल, तर 100 लिटर पाण्यात 3 ग्रॅम सोडियम बायकार्बोनेट साधारण 1 डीकेएच वाढवतं. पण ताणातल्या टँकमध्ये दिवसाला अर्धा डीकेएच पुरे. द्रावण करून जोरदार प्रवाहाच्या ठिकाणी थेंब थेंब सोडा, आणि त्याच जागी त्याच वेळी कॅल्शियम सोडू नका. दोन्ही एकत्र आले की पांढरा चुरा होऊन तळाला बसतो. कॅल्शियम 400 ते 450 आणि मॅग्नेशियम 1250 ते 1350 पीपीएमच्या (दशलक्ष भागांतले भाग) आत असेल, तर त्यांच्यामागे लागू नका.

फार स्वच्छ पाणी

नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य, काच आरशासारखी, आणि कोरल्स मात्र फिकट. हे दृश्य पूर्वीपेक्षा आता जास्त दिसतं, कारण स्किमर चांगले झालेत आणि फॉस्फेट काढणारी माध्यमं स्वस्त झालीत. झूझँथेलींनाही खत लागतं. विशेषतः नायट्रेट भरपूर आणि फॉस्फेट जवळपास नाही अशा पाण्यात कोरल उष्णता आणि प्रकाशाला लवकर बळी पडतं. 2013 मध्ये साउदॅम्प्टनच्या संशोधकांनी हे प्रयोगातून दाखवून दिलं. त्यात अल्कलिनिटी चढी असेल, तर एसपीएसची टोकं हमखास जळतात. काचेवर आणि वाळूवर तपकिरी, बुडबुडेवाला शेंबडासारखा थर दिवसा येऊन रात्री कमी होत असेल, तर डायनोफ्लॅजेलेट्स नावाच्या त्रासदायक सूक्ष्मजीवांनीही रिकाम्या जागेचा फायदा घेतलाय असं समजा.

नायट्रेट 2 ते 10 पीपीएम आणि फॉस्फेट 0.03 ते 0.1 पीपीएम एवढं राहू द्या. माशांना थोडं जास्त खाऊ घालणं हा सर्वात साधा मार्ग. उलट बाजूला, फॉस्फेट फार चढलेलं असेल तर जीएफओची (फॉस्फेट शोषणारं लोहयुक्त माध्यम) पूर्ण मात्रा एकदम टाकू नका. चौथ्या हिश्शाने सुरू करा. फॉस्फेट एका रात्रीत कोसळणं हे चढलेल्या फॉस्फेटपेक्षा वाईट. हॅनाचा जो चेकर फॉस्फरस पीपीबीमध्ये (अब्ज भागांतले भाग) दाखवतो, त्याच्या आकड्याला 3.066 ने गुणून 1000 ने भागलं की फॉस्फेटचे पीपीएम मिळतात. हा हिशेब विसरून बरेच जण भलत्याच आकड्यामागे धावतात.

उष्णता आणि प्रकाश

तापमान 24 ते 27 अंश ठेवा, आणि दिवसरात्रीतला फरक अंशाभरात. समुद्रातसुद्धा नेहमीच्या उन्हाळ्यातल्या कमाल तापमानापेक्षा अंशभर जास्त उष्णता काही आठवडे टिकली की प्रवाळ पांढरं पडू लागतं, इतकं त्याचं गणित काटेकोर आहे. हीटरचा थर्मोस्टॅट चिकटणं हा नेहमीचा घात, म्हणून हीटर वेगळ्या कंट्रोलरवर लावा. पंख्याचा वारा पृष्ठभागावर सोडला की पाणी दोन-तीन अंश उतरतं, पण बाष्पीभवन वाढतं, म्हणजे टॉप-अपही वाढवायला हवं. उष्ण पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, त्यामुळे पृष्ठभाग खळबळता ठेवा.

पांढऱ्या पडलेल्या कोरलवरचा प्रकाश मात्र, पहिल्या दिवशीच्या नियमाला अपवाद म्हणून, लगेच कमी करा, साधारण एक तृतीयांश ते निम्मा. सगळ्या टँकचे दिवे उतरवायचे नसतील, तर वर प्लास्टिकची जाळी ठेवली तरी चालतं. मऊ कोरल्स आणि एलपीएसना (टॉर्च-हॅमरसारखी मोठ्या पॉलिपची कोरल्स) 50 ते 150 पीएआर (प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी प्रकाशाचं माप) पुरतो, एसपीएसना 200 ते 350. पीएआर मीटर कुणाकडून उसना मिळत असेल तर जरूर आणा. एलईडीच्या ॲपमधल्या टक्क्यांवरून काहीच कळत नाही. दिवे नवे असतील तर तिथेच थांबा, तपास बहुधा संपला.

आणि कोरलची जागा रोज बदलू नका. खाली ठेवलं, नाही आवडलं, डावीकडे ठेवलं, तेही नाही आवडलं, हा खेळ स्वतःच ताण आहे. एकदा मध्यम प्रकाश आणि आडवातिडवा मध्यम प्रवाह असलेली जागा निवडा आणि दोन आठवडे हात लावू नका. वेव्हमेकरचा झोत थेट येत असेल, तर हॅमरचं मांस सांगाड्याच्या कडेवर घासून फाटतं.

एकच कोरल रुसलं असेल तर

रात्री पाहा. गॅलेक्सिया हे कोरल आणि काही टॉर्च अंधारात लांबलचक स्वीपर टेंटॅकल्स (डंख करणारे लांब तंतू) सोडतात आणि वीतभर अंतरावरच्या शेजाऱ्यालाही भाजतात. एंजल मासे मांस टोचतात. ॲक्रोपोरावर (एसपीएसचा एक प्रकार) फिकट गोल डाग दिसले, तर चपटे कृमी; झोआ (बटणासारखी छोटी कोरल्स) मिटलेले आणि त्यांच्याच रंगाचं काहीतरी हलताना दिसलं, तर न्यूडिब्रँक (बिनशंखाची समुद्री गोगलगाय). डिपमध्ये (किडे मारणाऱ्या द्रावणात कोरल थोडा वेळ बुडवणं) प्रौढ किडे गळतात, अंडी मरत नाहीत, म्हणून आठवड्याच्या अंतराने पुन्हा डिप करा आणि अंडी खरवडून काढा. झोआ आणि पॅलिथोआ हाताळताना हातमोजे आणि चष्मा घाला. त्यांच्यात पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असू शकतं. त्यांचा दगड कधीही उकळू नका, ती वाफ माणसाला दवाखान्यात पोहोचवते.

टॉर्च-हॅमरवर तपकिरी, लोंबणारा, घाण वासाचा जेलीसारखा थर दिसला तर वेळ घालवू नका. पंप बंद करून तो नळीने ओढून घ्या, कोरल बाहेर काढा, बाधित डोकी सांगाड्यासकट कापा आणि उरलेला भाग आयोडीनच्या द्रावणात डिप करून वेगळ्या भांड्यात ठेवा. ही जेली पाण्यात विखुरली तर शेजारच्यांनाही लागते.

खाऊ आणि वाट पाहणं

पांढरं कोरल उपाशी असतं म्हणून त्याच्यावर अन्नाचा मारा करायचा नसतो. दिवे गेल्यावर टेंटॅकल्स बाहेर आली, की पंप बंद करून पिपेटने अगदी बारीक काहीतरी सोडा: रोटिफर्स, आर्टेमियाची पिल्लं, चिरलेले मायसिस. आठवड्यातून दोन वेळा. घास तोंडाकडे सरकताना दिसला तर ठीक. अर्ध्या तासानेही तो तिथेच पडला असेल, तर काढून घ्या आणि आठवडाभर विचारू नका.

सगळे आकडे स्थिर आहेत, वहीत कसलीच आकृती उमटत नाही आणि तरी सगळाच टँक मलूल आहे, अशा वेळी धातूंचा संशय घ्या. वेव्हमेकरच्या चुंबकाचं आवरण तडकून आत गंज धरलाय का, हीटरला चीर आहे का, सम्पमध्ये (टँकखालची उपकरणांची टाकी) एखादा क्लॅम्प पडलाय का, ते पाहा. आयसीपी चाचणीचा (पाण्यातले धातू मोजणारी प्रयोगशाळेतली तपासणी) खर्च इथे सार्थकी लागतो, त्याआधी नाही. आरओ-डीआयच्या पाण्याचा टीडीएस शून्य आहे ना, तेही याच वेळी पाहून घ्या.

रंग परतायला लागतो तो आधी मळकट तपकिरी म्हणून. झूझँथेली वाढतायत, एवढाच त्याचा अर्थ. निळा-जांभळा रंग नंतर येतो, त्यासाठी आत्ताच प्रकाश वाढवू नका. त्याआधी अल्कलिनिटीच्या वहीकडे बघा. डोस तोच असून ती रोज थोडी जास्त उतरायला लागली, म्हणजे कोरल पुन्हा सांगाडा बांधतंय. तेव्हा डोस खपाइतका वाढवा, दिवे आठवड्याला पाच टक्क्यांनी चढवा आणि पाणी बदलायचं प्रमाण तेच ठेवा. मांस मागे सरकून जो सांगाडा उघडा पडलाय, त्यावरचं शेवाळ मऊ ब्रशने अधूनमधून काढत राहा. निरोगी कड असेल तर ती त्या स्वच्छ जागेवर पुन्हा चढते.